पाझर की पोखरण? पाणी किती ते नंतर, कसं ते आधी

तळ्याच्या बांधाच्या पायथ्याला बाहेरून ओल दिसली की एक मालक म्हणतो, "मातीचा बांध आहे, पाझरणारच." दुसरा ट्रॉलीभर काळी माती आणून ओली जागा थापून बंद करतो. बाहेर येणारं पाणी गढूळ आहे की नितळ, हे दोघांपैकी एकानेही पाहिलेलं नसतं.

पाझर तुमच्या ओळखीचा आहे. पाणी मातीच्या कणांमधून वाट काढतं, कण जागचे हलत नाहीत. तळं भरलं की पाझर वाढतो, उतरलं की कमी होतो.

पोखरणीत पाणी माती घेऊन निघतं. पाणी जिथे बाहेर पडतं तिथले कण आधी सुटतात आणि पोकळी उलटी, तळ्याच्या दिशेने आत सरकते. पाण्याची वाट आखूड होत जाते तसा जोर वाढतो. म्हणून वर्षभर काहीच न दाखवणारा बांध शेवटी काही तासांत जातो. अमेरिकेतलं टीटन धरण पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ च्या सकाळी तिथे गढूळ पाणी दिसलं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. भोक बुजवायला लावलेले दोन बुलडोझरही त्यातच गेले.

म्हणून धार केवढी यावर जाऊ नका. बोटभर गढूळ धार हातभर नितळ धारेपेक्षा वाईट. पाऊस नसलेल्या दिवशी, तळाचा चिखल न ढवळता, धारेखाली काचेची बरणी धरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी बुडाशी मातीचा थर बसलेला दिसला, तर ती तुमच्या बांधातली माती आहे. सोबत दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तळ्याच्या पातळीसह वहीत लिहा. पातळी तीच आणि बादली लवकर भरू लागली, तर पाणी नितळ असलं तरी जाणकार इंजिनिअरला बोलवा. बांधातून आरपार गेलेल्या पाइपच्या तोंडाशी तर आधी बघा. पाइपच्या पोटाखाली माती नीट ठोकून दाबता येत नाही, आणि पाणी तीच वाट धरतं. घुशीची बिळं आणि झाडांची कुजलेली मुळं यांचंही तेच. बांधावर झाड नको, गवत हवं. यावर मला वाद घालायचा नाही.

आता ती काळी माती. बाहेरच्या उतारावर ती थापणं मला अजिबात मान्य नाही. पाणी थांबत नाही, आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटून येतं. अडवायची असते माती, पाणी नव्हे. त्यासाठी ओल्या जागेवर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठे दगड. पाणी निघून जातं, कण वाळूत अडकतात. पाणी अडवणारी चिकणमाती शोभते ती आतल्या, तळ्याच्या बाजूला.

गढूळ धार दिसली की तळं उतरवायला घ्या. एरवी घाई करू नका, पाणी झपाट्याने उतरलं तर आतला भिजलेला उतार घसरतो. पण धार डोळ्यांदेखत वाढत असेल, तर दुरुस्तीत वेळ न घालवता बांधाखालच्या लोकांना आधी हलवा.