फोनवरचा डॉक्टर: आधी धास्ती, मग सरकारी ओपीडी

२५ मार्च २०२० हा टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. डॉक्टरने फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्णाशी बोलून औषध लिहून द्यावे की नाही, याला तोवर स्पष्ट लेखी उत्तरच नव्हते.

नियम नसल्याचा फटका महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिला होता. रत्नागिरीत सिझेरियननंतर एका महिलेचा मृत्यू झाला. डॉक्टर जागेवर नव्हते, उपचार फोनवरून सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. प्रकरण दाखल असलेल्या रुग्णाचे होते, पण धास्ती घेतली सगळ्यांनीच. साध्या तापासाठी फोनवर गोळी सांगतानाही डॉक्टर बिचकू लागले.

तंत्रज्ञान मात्र कधीच आले होते. मार्च २००० मध्ये आंध्रातील अरगोंडा या गावात अपोलो रुग्णालयाचे टेलिमेडिसिन केंद्र सुरू झाले, उद्घाटन केले अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी. गाव अपोलोच्या संस्थापकांचे, म्हणून मान त्याला मिळाला. पाठोपाठ इस्रोने उपग्रहांमार्फत जिल्हा रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडायला घेतली. कर्नाटकातील चामराजनगरच्या रुग्णाचा ईसीजी बंगळुरूचा हृदयरोगतज्ज्ञ पाहू लागला. पण छपरावर डिश, खोलीत संच आणि तो चालवणारा माणूस एवढे सगळे लागे. ते जिल्ह्यापर्यंत पोचले, वाडीपर्यंत नाही.

आणि अडचण वाडीचीच होती. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने तातडीचा टप्पा म्हणून ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे दोन डॉक्टर सुचवले होते. पहिली केंद्रे १९५२ मध्ये उघडली. पुढे निकष सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० असा ठरला. इमारती उभ्या राहिल्या. एमबीबीएस डॉक्टरला तिथे टिकवणे जमले नाही, विशेषज्ञाची तर गोष्टच सोडा.

ही पोकळी भरायला आलेली केंद्राची टेलिमेडिसिन सेवा 'ई-संजीवनी' नोव्हेंबर २०१९ ची, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने घडवलेली. एप्रिल २०२० पासून घरबसल्या ओपीडीही सुरू झाली. तिची बातमी जास्त झाली. माझ्या मते खेड्यासाठी महत्त्वाचा आहे तो दुसरा, उपकेंद्रातला भाग. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो, बीपी-साखर मोजतो, आजीचे 'पोटात कसंतरी होतंय' पलीकडच्या डॉक्टरला समजेल अशा शब्दांत सांगतो आणि औषधही तिथूनच देतो. आजीला स्मार्टफोन लागत नाही.

डॉक्टरने सोनोग्राफी सांगितली, की मात्र सकाळची एस.टी. पकडून तालुका गाठावा लागतो.