सार्वजनिक रोइंग संस्था

मोठ्या शहरात वल्ह्यांच्या नावेचा खेळ कोणालाही शिकता यावा, यासाठी नफा न घेता चालवलेली संस्था. नावा, वल्ही, नावघर आणि प्रशिक्षक संस्थेचे असतात. शिकणाऱ्याला पोहता आले पाहिजे, एवढीच मुख्य अट. सभासदांच्या बोट क्लबात वर्गणी भरणाऱ्याला नाव मिळते. या संस्थेत वर्गणी न परवडणाऱ्यालाही नाव मिळते, आणि तो खर्च देणग्या, अनुदाने व ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून निघतो. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या वाचकाला ही पद्धत नवी वाटू नये. गल्लीतली तालीम पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालत आली आहे: हौद्यातली माती सगळ्यांची, वस्ताद पोराची ऐपत विचारत नाही, आणि गरिबाच्या पोराच्या खुराकाला गावातले कोणीतरी हात लावते. मात्र तालमीला माती आणि छप्पर पुरते. रोइंगला पाणी लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे नाव लागते.

ही नाव कृष्णाकाठच्या होडीसारखी नसते. एका माणसाची शर्यतीची नाव सुमारे ८ मीटर लांब आणि जेमतेम माणूस मावेल इतकी अरुंद असते. नियमाने तिचे वजन १४ किलोपेक्षा कमी चालत नाही. आठ जणांच्या नावेला हीच मर्यादा ९६ किलोंची आहे. बसायची पाटी रुळांवर मागेपुढे सरकते, पाय समोरच्या फळीला बांधलेले असतात आणि तोंड नाव जाते तिच्या उलट दिशेला. पाहणाऱ्याला हा हातांचा खेळ वाटतो, पण खरा जोर पायांचा. पाते पाण्यात गेले की आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे न्यायची, शेवटी हात ओढायचे; परतताना उलटा क्रम, आणि तोही सावकाश. दोन्ही हातांत एकेक वल्हे असेल तर त्याला स्कलिंग म्हणतात, दोन्ही हातांनी एकच मोठे वल्हे ओढले तर स्वीप. ऑलिंपिकमधली शर्यत अनेक दशके २,००० मीटरची राहिली आहे. अशा नावा कार्बनच्या धाग्यांपासून करतात, त्या महाग असतात आणि ठेवायलाही लांबलचक छप्पर लागते. जगभर हा खेळ बराच काळ सैन्य, विद्यापीठे आणि श्रीमंतांचे क्लब यांच्या हाती राहिला, त्याचे मोठे कारण हेच.

भारतातही तसेच झाले. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा, आणि पुण्यात मुळा-मुठेवरचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये सुरू झाला. तिथे विद्यार्थीच नावा सांभाळतात आणि दरवर्षी रेगाटा, म्हणजे नावांचा मेळावा, भरवतात. या क्लबांनी खेळ जिवंत ठेवला, हे मान्य केलेच पाहिजे. पण सामान्य घरातल्या मुलाला नाव दिली ती प्रामुख्याने लष्कराने. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात वल्हे धरायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. भरती झाला नसता तर त्याला वल्हे कुठे मिळाले असते, हा प्रश्न या संस्थांच्या मुळाशी आहे.

या कल्पनेचे सर्वांत परिचित रूप अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात आहे. चार्ल्स नदीच्या काठावर विद्यापीठांची नावघरे ओळीने उभी आहेत, पण शहरातल्या साध्या माणसाला त्यांत शिरकाव नव्हता. १९८५ मध्ये 'कम्युनिटी रोइंग' ही संस्था सुरू झाली. पुढची वीसेक वर्षे तिला स्वतःची इमारत नव्हती. बर्फावर स्केटिंग करण्याच्या एका रिंकचा हंगाम संपला की त्या जागेतून संस्था नावा चालवी. २००८ मध्ये तिचे नावघर उभे राहिले आणि हार्वर्डचे प्रशिक्षक हॅरी पार्कर यांचे नाव त्याला दिले गेले. शाळकरी मुले, वयस्क नवशिके, माजी सैनिक, अपंग खेळाडू असे सगळे तिथे एकाच धक्क्यावरून पाण्यात उतरतात. शहरातल्या सरकारी शाळांतील मुलींसाठी वेगळा उपक्रम आहे. न्यूयॉर्कमध्ये २००२ मध्ये सुरू झालेली 'रो न्यूयॉर्क' ही संस्था वल्ह्यांच्या सरावाला अभ्यासाची शिकवणी जोडते. मूल नदीवर येते आणि तिथेच त्याच्या गणिताकडेही पाहिले जाते. लंडनच्या 'लंडन यूथ रोइंग'ने रोइंगची यंत्रेच शाळांमध्ये नेली, त्यामुळे नदीपासून दूरच्या मुलालाही सुरुवात करता आली.

अपंगांसाठीचे रोइंग पॅरालिंपिकमध्ये २००८ च्या बीजिंग स्पर्धेपासून खेळले जाते. पाठीला आधार देणारी स्थिर बैठक आणि नाव उलटू नये म्हणून बाजूंना तरंगे, एवढ्या बदलांनी पायांत बळ नसलेल्या माणसालाही स्वतःची नाव स्वतः चालवता येते. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण कोंगनपल्ले आणि अनिता यांनी दुहेरीत रौप्यपदक मिळवले.

बेळगाव सीमाभागात अशी संस्था उभी करायची तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो. नद्या भरपूर आहेत: कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय, आणि खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा. नावाड्याचा मानही जुना आहे. बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या संतांपैकी, अंबिगर चौडय्या हे व्यवसायाने नावाडी होते. पूल झाले तशा नावा कमी झाल्या, तरी पावसाळा त्यांची आठवण करून देतो. जुलै-ऑगस्टमध्ये कल्लोळ-येडूर, सदलगा-बोरगाव, मलिकवाड-दत्तवाड हे पूल-बंधारे पाण्याखाली जातात आणि पलीकडचे शेत डोळ्यांसमोर असून लांब पडते. अशा वेळी गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, पाण्यात लोटून माणसे वल्हवत नेल्याचे या पट्ट्यातल्या जुन्या माणसांनी पाहिले आहे. काठाला पाण्याची भीती नाही, पण नावेची शिस्तही नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटून कित्येक जीव गेले. ही जखम कृष्णाकाठच्या दोन्ही राज्यांतल्या गावांना लागलेली आहे. नावेत किती माणसे घ्यायची, तोल कसा राखायचा, उलटली तर नावेलाच धरून का राहायचे, हे रोइंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. या भागासाठी तो आठवडा पदकाहून मोलाचा आहे.

जागेचा विचार केला तर बेळगावचा किल्ला तलाव नवशिक्यांना पुरेसा आहे, पण २,००० मीटरची सरळ रेघ त्यात बसत नाही. राकसकोप हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा, तो खेळासाठी मागूच नये. लांब पल्ल्यासाठी हुक्केरी तालुक्यातला घटप्रभेवरचा हिडकल जलाशय किंवा सौंदत्तीजवळ मलप्रभेवरचा नविलुतीर्थ, हे खरे पर्याय. ही धरणे कर्नाटक नीरावरी निगमच्या ताब्यात असल्याने परवानगी तिथूनच घ्यावी लागते. कृष्णेत बंधाऱ्यांमुळे हिवाळ्यात पाणी संथ असते, पण तिथे मगरी आहेत. पाण्याला टेकून जाणाऱ्या अरुंद नावेत नवशिक्या मुलाला तिथे उतरवणे योग्य नाही.

संस्थेची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली, सार्वजनिक न्यास म्हणून किंवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली करता येते. याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक, पॅरालिंपिक आणि ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख असल्याने कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी अशा कामाला मिळू शकतो.

सुरक्षेचे नियम सगळीकडे सारखेच असतात. शर्यतीच्या नावेच्या टोकाला रबरी चेंडू बसवलेला असतो, म्हणजे धडक झाली तरी टोक अंगात घुसत नाही. बुटांच्या टाचा दोरीने अशा बांधतात की नाव उलटताच पाय सुटतो. प्रशिक्षकाची मोटरबोट जीवरक्षक जॅकेटे घेऊन सोबत असते. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडच्या नद्यांवर सराव करता येणार नाही. तेव्हा काम जमिनीवर चालते: सरकत्या पाटीचे रोइंग यंत्र, समोर मीटर, आणि त्यावर २,००० मीटरची वेळ. शाळेच्या व्हरांड्यात असे एक यंत्र मावते आणि पन्नास मुले पाळीपाळीने त्यावर बसू शकतात. दसऱ्यानंतर पाणी उतरले, गढूळपणा गेला, की तीच मुले नाव खांद्यावर घेऊन पाण्याकडे निघतात.