व्हिजन बोर्ड

आपल्याला आयुष्यात नेमके काय हवे आहे, ते स्वतःला स्पष्ट दिसावे म्हणून चित्रे, छायाचित्रे, शब्द आणि छोट्या नोंदी एकत्र मांडून केलेला फलक. मराठीत त्याला स्वप्नफलक किंवा ध्येयफलकही म्हणतात. बोलण्यात मात्र ‘व्हिजन बोर्ड’च रुळले आहे. पुठ्ठा किंवा कॉर्कचा फलक, जुनी मासिके, कात्री, डिंक आणि टाचण्या एवढे सामान पुरते. तयार फलक रोज नजरेस पडेल असा कामाच्या टेबलासमोर लावतात. काही जण कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात.

कात्रणे चिकटवून नवे चित्र घडवण्याचे कोलाज हे तंत्र पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास आधुनिक चित्रकलेत आणले. व्हिजन बोर्डचे रूप कोलाजचे असले, तरी त्याचे कूळ वेगळे आहे. मनातल्या विचारांनी बाहेरची परिस्थिती बदलते, असे मानणारी ‘न्यू थॉट’ ही विचारधारा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदयाला आली. ज्याचा ध्यास घ्यावा ते आपल्याकडे खेचले जाते, असे सांगणारा आकर्षणाचा सिद्धांत तिच्यातूनच पुढे आला. २००६ मध्ये रोंडा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ या माहितीपटाने आणि पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. त्यात उद्योजक जॉन असाराफ यांनी सांगितलेली गोष्ट विशेष गाजली : काही वर्षांपूर्वीचा फलक त्यांना खोक्यात सापडला आणि त्यावर चिकटवलेले घर हे आपण राहतो तेच घर आहे, हे त्यांच्या लक्षात आले. चित्र लावले की वस्तू चालत येते, हा समज अशा गोष्टींमुळे पक्का झाला. या समजाने फलकाचे नुकसानच केले आहे. त्याचा खरा उपयोग भिंतीवर जाण्याआधीच, निवड करताना होतो.

पहिल्या बैठकीत मासिकांतून जे आवडेल ते भराभर कापून घेतात, कारण विचारत बसत नाहीत. पन्नाससाठ कात्रणे सहज जमतात. फलकावर मात्र दहाबारा नीट बसतात, आणि काय वगळायचे हे ठरवताना खरे काम सुरू होते. समजा, हातात समुद्राकाठच्या घराचे चित्र आहे. ते पुन्हा पुन्हा पाहिले, की नजर घरावर ठरत नाही. ती सज्जातल्या रिकाम्या खुर्चीवर आणि तिच्या हातावर पालथ्या ठेवलेल्या पुस्तकावर जाते. म्हणजे हवे आहे ते घर नव्हे, कोणी हाक न मारणारा तासभर. मग कात्री पुन्हा उचलायची, घर कापून टाकायचे आणि खुर्ची तेवढी ठेवायची. घराला कदाचित वीस वर्षे लागली असती. तासाची सोय याच आठवड्यात होऊ शकते. प्रत्येक चित्राखाली ‘हे का?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहिण्याची पद्धत त्यासाठीच आहे. उत्तर सुचत नसेल, तर ते चित्र बहुधा दुसऱ्याच्या आयुष्याकडे पाहून घेतलेले असते.

फलकावर कशाची चित्रे असावीत, याबद्दल मानसशास्त्रातील प्रयोग बरेच काही सांगतात. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना परीक्षेत उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणायला सांगितले होते, तर काहींना आपण अभ्यासाला बसलो आहोत असे. दुसऱ्या गटाने अभ्यास जास्त केला आणि त्याला गुणही जास्त मिळाले. गॅब्रिएले ओटिंगेन यांनी थॉमस वॉडन यांच्यासह केलेल्या १९९१ च्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांना यशाची खात्री होती त्यांचे वजन जास्त उतरले. नुसतीच सुखद मनोराज्ये करणाऱ्यांचे कमी. मनातल्या मनात मांडे खाल्ले की भूक भागल्यासारखी वाटते, ती अशी. ओटिंगेन यांनी सुचवलेल्या रीतीत म्हणून इच्छा, तिचे फळ, आपल्या आतला अडथळा आणि त्यावरची योजना असा चारही गोष्टींचा विचार असतो. धावण्याच्या शर्यतीचे स्वप्न असेल, तर गळ्यातल्या पदकापेक्षा पहाटे दाराशी काढून ठेवलेल्या बुटांचे चित्र अधिक कामाचे. त्याखाली ‘गजर वाजला की आधी बूट’ असे लिहिता येते. ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा ठरावांचा परिणाम पीटर गोलविट्झर यांनी अनेक प्रयोगांतून दाखवला आहे.

व्हिजन बोर्डच्या समर्थनार्थ दोन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात, आणि दोन्ही टिकत नाहीत. पहिली, येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतील ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येये लिहून ठेवली होती, त्यांनी पुढे उरलेल्या सर्वांपेक्षा जास्त संपत्ती मिळवली, ही. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. दुसरी मेंदूच्या खोडातील ‘रेटिक्युलर ॲक्टिव्हेटिंग सिस्टिम’ची : चित्र पाहिले की ही यंत्रणा आपोआप संधी हेरू लागते, असे म्हणतात. मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये तिच्यावर प्रकाश टाकला तो जागेपण आणि सावधता यांच्या संदर्भात. भिंतीवरच्या चित्रांवरून संधी निवडण्याचे काम त्यातून सिद्ध होत नाही. चित्रांचा जोर मात्र खराच आहे. स्वतःचा म्हातारपणीचा चेहरा संगणकावर पाहिलेल्या लोकांनी निवृत्तीसाठी जास्त पैसे बाजूला टाकण्याची तयारी दाखवली, असे हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये आढळले.

फोनवर किंवा चित्रे जमवण्याच्या पिंटरेस्टसारख्या संकेतस्थळावरही फलक करता येतो. तिथे चित्रांना अंत नसतो आणि जागा कधी संपत नाही, त्यामुळे वगळण्याचा भाग राहून जातो. म्हणून आधी बारा चौकोन आखून घेणे बरे. कागदी फलकावरचे चित्रही काही आठवड्यांनी नजरेला दिसेनासे होते. दर तीन महिन्यांनी एखादे काढून, त्याच्या मागे तारीख घालून पाकिटात ठेवले आणि जागा बदलल्या, की फलक पुन्हा दिसू लागतो.

तो इतरांना दाखवावा का, यावर मतभेद आहेत. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत, आपल्याला कोण व्हायचे आहे त्यासंबंधीचा संकल्प दुसऱ्याने ऐकून घेतला की त्यासाठीची मेहनत कमी झालेली दिसली. पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीपेक्षा कपाटाच्या दाराची आतली बाजू म्हणूनच सोयीची पडते.