ड्युअल बूट

एकाच संगणकावर दोन स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम बसवायच्या आणि संगणक सुरू होताना त्यांतली कोणती चालवायची ते निवडायचे, या सोयीला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरीत जायचे तर रीस्टार्ट करावे लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुणी सिस्टिम यजमान सिस्टिमच्या आत, तिच्याकडून मेमरी आणि प्रोसेसर उसना घेऊन चालते. ड्युअल बूटमध्ये मात्र चालू सिस्टिमला सगळे यंत्र मिळते, ग्राफिक्स कार्डासह. विंडोज आणि लिनक्स ही सर्वांत प्रचलित जोडी असून ही नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर विंडोज बसवण्यासाठी अॅपलने २००६ साली बूट कॅम्प आणले; अॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये ती सोय नाही.

ड्युअल बूटमधल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. डिस्क, घड्याळ आणि बूटचा क्रम या गोष्टी सामाईक असतात, पण प्रत्येक सिस्टिम त्या आपल्या एकटीच्या असल्यासारखी वागते.

बूटची यंत्रणा

संगणक चालू केला की आधी मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, चालते आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमला उठवते; बायोस ही त्याची जुनी पद्धत, यूईएफआय ही नवी. जुन्या बायोस पद्धतीत संगणक डिस्कचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर वाचतो. त्यात बूट कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट असतात आणि तिथे एकाच सिस्टिमचा कोड मावतो. जी शेवटी बसवली तिचा. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम तिथून आला. यूईएफआय पद्धतीत फॅट३२ स्वरूपाचे एक छोटे ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) असते, त्यात प्रत्येक सिस्टिम आपला वेगळा फोल्डर करते आणि मदरबोर्डच्या मेमरीत बूटच्या पर्यायांची यादी राहते. त्यामुळे एकीने दुसरीला पुसण्याचे कारण उरत नाही. तरीही जुना क्रमच सोयीचा आहे, कारण लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) विंडोजला शोधून आपल्या मेनूत घेतो, पण विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सकडे पाहतही नाही आणि स्वतःला यादीत वर नेऊन ठेवतो. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ‘लिनक्स गेले’ असे वाटते तेव्हा फाइली बहुधा जागेवरच असतात, फक्त क्रम बदललेला असतो. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो परत लावला की काम होते.

याउलट मेनूत विंडोजच दिसत नसेल, तर ग्रबची आवृत्ती पाहावी. २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याचे काम मुळात बंद ठेवलेले असते. ते ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये सुरू करून मेनू नव्याने तयार करावा लागतो.

दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने बसवणे आवश्यक आहे. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बूट मेनूत पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह. विंडोज यूईएफआयवर असेल तर दुसराच पर्याय घ्यावा. विंडोज कोणत्या पद्धतीवर आहे ते ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधल्या ‘बायोस मोड’ या ओळीत कळते.

विंडोजमधली तयारी

महत्त्वाच्या सर्व फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. पार्टिशन बदलताना वीज गेली तर तोच एक आधार उरतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच काम करावे.

नंतर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी, आहे का ते पाहावे. नव्या लॅपटॉपवर विंडोजची ही सोय, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, वापरणाऱ्याच्या नकळत चालू झालेले असते. सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच बूट प्रोग्राम चालू देणारी फर्मवेअरची सोय) किंवा बूटचा क्रम बदलला की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. ही की आधीच कागदावर उतरवून ठेवावी आणि काम होईपर्यंत संरक्षण तात्पुरते स्थगित करावे.

सर्वांत जास्त नुकसान मात्र ‘फास्ट स्टार्टअप’ करते. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे ‘शट डाउन’ केले तरी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये जपून ठेवली जाते. अशा डिस्कवर लिनक्समधून जबरदस्तीने काही लिहिले, तर पुढच्या वेळी विंडोज डिस्कचे जुनेच चित्र मनात धरून जागे होते आणि फाइली बिघडतात. म्हणून लिनक्स असे पार्टिशन फक्त वाचण्यापुरते जोडते किंवा जोडायलाच नकार देते. हा नकार म्हणजे वेळेवर मिळालेला इशारा आहे. तो आज्ञा देऊन मोडून काढू नये. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करावे. ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होते, त्यामुळे अडलेल्या वेळी तेवढेही पुरते.

लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून मोकळी करावी. उबुंटूला किमान २५ जीबी लागतात, पण रोजच्या वापराला ६० ते १०० जीबी ठेवलेले बरे. बरीच जागा रिकामी असूनही थोडीच कमी करता येते, कारण पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज वापरते ती फाइल), हायबरनेशन फाइल यांसारख्या जागच्या न हलणाऱ्या फाइली मध्ये असतात. त्या तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. सुटलेल्या जागेवर नवे पार्टिशन करू नये, ती ‘अनअलोकेटेड’च (कोणालाही न दिलेली) राहू द्यावी.

लिनक्स बसवताना

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर फर्मवेअरमध्ये स्टोरेज बहुधा इंटेलच्या आरएसटी किंवा रेड या डिस्क हाताळण्याच्या मोडवर असते. ते एएचसीआय या साध्या मोडवर करावे लागते. पण थेट बदलल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरसह) उघडायला सांगावे, मग फर्मवेअरमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा जाऊन यावे आणि ती सूचना काढून टाकावी.

पार्टिशन स्वतः निवडत असाल तर आधीचेच ईएफआय पार्टिशन वापरावे आणि त्यासमोरची ‘फॉरमॅट’ची खूण काढलेली आहे याची खात्री करावी. ती राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. दोन वेगळ्या डिस्क बसवता येत असतील तर तोच मार्ग उत्तम: प्रत्येक डिस्कवर तिचे स्वतःचे ईएफआय पार्टिशन ठेवावे आणि लिनक्स बसवताना शक्य असल्यास विंडोजची डिस्क काढून ठेवावी.

सिक्युअर बूट चालू ठेवूनही प्रमुख लिनक्स वितरणे बसतात, कारण त्यांचा शिम हा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. एनव्हिडियासारखे बाहेरचे ड्रायव्हर घेतले तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो आणि पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तो दहाच सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबून तो पासवर्ड दिला नाही तर ड्रायव्हर चालू होत नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने शिम अमान्य ठरवले आणि अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश देऊन थांबले. म्हणून लिनक्सचे शिम आणि ग्रब अद्ययावत ठेवावेत.

रोजच्या वापरात

सिस्टिम बदलली की घड्याळ चुकते. मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानते, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानते. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवण्याच्या जागेत) ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ या नावाने १ हे मूल्य घातले की दोघींचे जमते. लिनक्सलाच स्थानिक वेळ मानायला लावता येते, पण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत दोन्ही सिस्टिम तास बदलतात आणि पुन्हा गोंधळ होतो.

ब्लूटूथ हेडफोन एका सिस्टिमशी जोडले की दुसरीत जोडेनासे होतात. हेडफोनला दोन्हींत संगणकाचा पत्ता एकच दिसतो, पण जोडणीची की प्रत्येक सिस्टिमची वेगळी असते. सामाईक फाइलींसाठी दोन्ही सिस्टिमना वाचता येणाऱ्या एक्सफॅट किंवा एनटीएफएस स्वरूपाचे वेगळे पार्टिशन ठेवावे. एक सिस्टिम हायबरनेट करून दुसरी उघडू नये.

काढून टाकणे

लिनक्सचे पार्टिशन आधी पुसले तर ग्रबचा आरंभीचा भाग उरतो, पुढचा सापडत नाही, आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते. म्हणून आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करावा, विंडोज थेट उघडते याची खात्री करावी, मग लिनक्सची पार्टिशन्स आणि शेवटी ईएफआय पार्टिशनमधला तिचा फोल्डर काढावा. मोकळी जागा सी ड्राइव्हच्या लगेच पुढे असेल तरच ती त्यात जोडता येते. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकट दिसतो आणि चालत नाही.