डिफरन्समधलं तेल नुसतं बुळबुळीत असून भागत नाही

कुठल्याही पिकअपवाल्याला विचारा इंजिन ऑइल कधी बदललं, तारीख आणि किलोमीटर दोन्ही तोंडपाठ असतात. मग विचारा गिअरबॉक्सचं कधी बदललं, तर जरा आठवावं लागतं. आणि डिफरन्सचं? मागच्या एक्सलच्या मधोमध जे फुगीर हाउसिंग दिसतं त्याच्यातलं? तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "ते बदलायचं नसतं हो, लाइफटाइम असतं, तिथे कुठे काय जळतंय!"

जळत काही नाही हे अगदी खरं आहे. इंजिनमधलं तेल काळं पडतं ते डिझेलच्या काजळीने, आणि डिफरन्समध्ये ना डिझेल येतं ना काजळी. पण म्हणून ते तेल कायम टिकतं हा निष्कर्ष चुकीचा, कारण तिथलं तेल वेगळ्याच पद्धतीने संपतं. पातळी तेवढीच राहते, रंगही फारसा बदलत नाही, पण आतलं रसायन खर्च होत जातं. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते, त्यामुळे लेखाचा मोठा भाग तिच्यावरच जाणार आहे.

आधी थोडक्यात आत काय असतं ते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते, शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकं आडव्या एक्सलवर, म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवायला पाहिजे. ते काम पिनियन आणि क्राउन ही दोन दातेरी चाकं करतात, छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून क्राउनच्या आत अजून चार छोटे गिअर असतात जे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात, खरं डिफरन्शियल म्हणजे तेवढंच, पण आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच डिफरन्स म्हणतात आणि मीही तेच म्हणणार.

आता एक हिशोब करू. समजा इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 200 न्यूटन-मीटर आहे, दीड टनाच्या पिकअपला एवढा असतोच. पहिल्या गिअरमध्ये तो साधारण चारपट होतो, म्हणजे पिनियनपर्यंत 800 न्यूटन-मीटर पोचले. पिनियनची त्रिज्या समजा 3 सेंटीमीटर. 800 ला 0.03 ने भागा, जवळपास 27,000 न्यूटन येतात. म्हणजे पावणेतीन टन वजनाएवढा जोर पिनियनच्या दातांवर, आणि एका वेळी एकमेकांत अडकलेले दात असतात दोन-तीनच. त्या दातांचाही पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, एक अरुंद पट्टी टेकते. त्यामुळे तिथला दाब सहज एक गिगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा हजार पट. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट रचून निघालेली गाडी चढाला पहिल्या गिअरमध्ये कण्हत असते तेव्हा आत हे चाललेलं असतं.

एवढ्या दाबाखाली तेल पिचकून बाहेर का निघून जात नाही? याचं उत्तर फार सुंदर आहे. तेलावर दाब वाढला की त्याचा चिकटपणा वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात नाही तर घातांकी पद्धतीने वाढतो, दाबाने चिकटपणा वाढतो हे कार्ल बॅरस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1893 मध्येच मोजून दाखवलं होतं. एक गिगापास्कलला साध्या खनिज तेलाचा चिकटपणा लाखो पटींनी वाढतो, त्या क्षणी ते तेल द्रव म्हणावं की घन हाच प्रश्न पडावा. दोन दात एकमेकांवर येतात, मध्ये सापडलेलं तेल जवळजवळ घट्ट होतं, बाहेर पळायला त्याला वेळच मिळत नाही कारण हा सगळा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो, आणि पोलादच किंचित दबून त्या थराला जागा करून देतं. दात सुटले की तेल परत पातळ. या थराची जाडी असते एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि आपला केस असतो 50 ते 100 मायक्रॉन. याला इलॅस्टोहायड्रोडायनॅमिक वंगण म्हणतात, नाव अवघड आहे पण अर्थ एवढाच की पोलादाचा लवचिकपणा आणि तेलाचा प्रवाह दोघं मिळून ओझं पेलतात.

पण हा थर तयार व्हायला वेग लागतो. दात भरभर येऊन तेल आत ओढत असतील तरच तो बनतो. हळू वेग आणि जड लोड, म्हणजे नेमकी घाटातली परिस्थिती, तिथे थर इतका पातळ होतो की पोलादावरचे सूक्ष्म उंचवटे त्यातून वर येऊन एकमेकांना भिडतात.

आणि इथे क्राउन-पिनियनची रचना अडचण आणखी वाढवते. साधे बेव्हल, म्हणजे शंकूच्या आकाराचे गिअर असतील तर पिनियनचा अक्ष क्राउनच्या बरोबर मध्यातून जातो आणि दात एकमेकांवर बऱ्यापैकी गडगडत जातात. पण 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या ग्लिसन कंपनीत अर्नेस्ट विल्डहाबर या इंजिनिअरने हायपॉइड गिअर विकसित केला, त्यात पिनियन क्राउनच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो. 1926 च्या सुमारास पॅकार्डने तो कारमध्ये आणला. फायदे खूप, शाफ्ट खाली गेल्याने गाडीचा फ्लोअर खाली आला, पिनियन जाड करता आला, जास्त दात एकावेळी भिडायला लागले, आवाज कमी झाला. पण पिनियन बाजूला सरकल्यामुळे दात गडगडण्याबरोबर लांबीच्या दिशेने घासत पण जातात, पूर्ण दातभर. दोन हात एकमेकांवर दाबून जोरात चोळले की काय होतं ते माहितीच आहे, इथे ते पोलादाचं होतं. भिडलेल्या उंचवट्यांचं तापमान क्षणभर काहीशे अंशांवर जातं, बाकी तेल नव्वद-शंभर अंशांवर असतानाही. त्या ठिणगीएवढ्या जागेत पोलाद पोलादाला चिकटतं, पुढच्या क्षणी फाटतं, आणि दातावर ओरखडे पडतात. हायपॉइड गिअर आले तेव्हा जुन्या साध्या तेलांनी हात टेकले ते यामुळेच.

उपाय सापडला तो गंधकात. गिअर ऑइलचा नवीन डबा उघडला की जो उग्र घाण वास येतो ना, तो गंधकाच्या संयुगांचा. बरेच जण वास घेऊन म्हणतात तेल खराब आहे, उलट तो वास म्हणजे औषध आत आहे याची खूण. ही संयुगं थंड तेलात गप्प पडून असतात. जिथे उंचवटे भिडून तापमान उसळतं फक्त तिथेच ती फुटतात, गंधक मोकळा होतो आणि समोरच्या लोखंडाशी संयोग पावून आयर्न सल्फाइडचा पातळ थर बनवतो. हा थर पोलादापेक्षा खूप कमकुवत असतो आणि तोच त्याचा गुण. पोलाद पोलादाला चिकटायच्या ऐवजी हा थर घसरतो, फाटतो, निघून जातो, पुढच्या धडकेला परत बनतो. सोबत फॉस्फरसची संयुगं असतात, हळू वेग आणि जड लोड असताना फॉस्फरस जास्त कामाचा, वेगात आणि झटके बसताना गंधक. घाट उतरताना आपण गिअर खाली टाकतो तेव्हा लोड दाताच्या उलट्या बाजूवर येतो, त्या बाजूला ओरखडे पडतात का हे बघायची सुद्धा वेगळी चाचणी या तेलांसाठी आहे.

म्हणजे दात वाचवताना प्रत्येक वेळी थोडं रसायन आणि थोडं पोलाद खर्च होतं. हे आहे तेल संपण्याचं खरं कारण. त्यात भर म्हणजे डिफरन्सला फिल्टर नसतो, झिजलेले लोखंडाचे कण तिथेच फिरत राहतात, आणि गरम तेल हवेशी संयोग पावून हळूहळू जुनं होतं, दर दहा अंश तापमान वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे.

आता गंमत बघा, लोखंडाला वाचवणारा हाच गंधक तांब्याला खातो. चांदीचे दागिने काळे पडतात तेही गंधकामुळेच. आणि गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंग असतात पितळेच्या, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. सिंक्रो रिंगचं काम असं की गिअर टाकताना तिने कोनावर घासून दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करायचा, म्हणजे तिला थोडं घर्षण पाहिजेच. म्हणून तेलाचे वर्ग वेगळे. जीएल-5 हे हायपॉइड डिफरन्ससाठी, त्यात गंधक-फॉस्फरसचा डोस भरपूर. जीएल-4 मध्ये ढोबळमानाने निम्मा, बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना तो पुरतो. हल्लीच्या जीएल-5 तेलांत तांब्याला झाकणारी संयुगं घालतात त्यामुळे पूर्वीइतकं नुकसान होत नाही, तरी सिंक्रोला जे घर्षण लागतं ते बिघडू शकतं आणि गिअर अडकायला लागतो. काही कंपन्या दोन्हीकडे एकच तेल सांगतात, काही वेगवेगळं. गाडीच्या पुस्तकात जे छापलंय तेच घाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाला पिकअप असेल तर त्याचं लाल तेल ही पूर्ण वेगळी जात, तिथे 90 नंबर घालायचा विचारही नको.

नंबरवरून आठवलं. इंजिनला 40 आणि गिअरला 90, म्हणजे गिअरचं तेल दुपटीहून जाड, असं भल्याभल्यांना वाटतं. तसं नाहीये. दोन्ही मापपट्ट्याच वेगळ्या आहेत. 100 अंशाला मोजलं तर इंजिनचं 40 नंबर तेल 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक्स (चिकटपणाचं माप) भरतं आणि गिअरचं 90 नंबर 13.5 ते 18.5, म्हणजे जवळजवळ शेजारीच. फरक आहे तो आतल्या रसायनात. म्हणून "डिफरन्स आवाज करतोय, 140 टाका, जाड तेलाने गप्प बसेल" हा सल्ला ऐकू नका, आवाज दबला म्हणजे झीज थांबली असं नसतं. जुनी गाडी विकताना गिअर ऑइलमध्ये लाकडाचा भुसा मिसळायची युक्ती याच भ्रमावर चालत आलीय. आणि दुकानात ज्या चमत्कारी बाटल्या मिळतात, ओता आणि मेटल परत भरून येतं वगैरे, झिजलेला दात कुठल्याही बाटलीने भरून येत नाही. बंपरला दर अमावस्येला लिंबू-मिरची बदलली जाते. त्याच गाडीच्या मागच्या एक्सलवर ते हाउसिंग असतं, गाडीला खरोखर वाचवणारी गोष्ट तिथे आत आहे आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो. गाडी चालली की आतली हवा गरम होऊन फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर जाते. हा चिखलाने बुजला तर दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर येतं, एक्सलच्या सीलमधून आलं तर थेट ब्रेक ड्रममध्ये, आणि तेल लागलेला ब्रेक पकडत नाही. उलटा प्रकार फरशी पुलावर. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. मग तेल निघतं पांढुरकं, ताकासारखं. असं दिसलं तर किलोमीटर बघत बसू नका, लगेच बदला, पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

बदलायची पद्धत सोपी आहे पण एक क्रम चुकवू नका. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, सपाट जागी लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि खालचा ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा भरायचा प्लग उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकलं तर गाडी जागेवर उभी. ड्रेन प्लगला बऱ्याचदा लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी मऊ पेस्ट आली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दाताचा ढलपा निघाला तर मात्र मिस्त्रीला दाखवल्याशिवाय नवीन तेल घालू नका. नवीन गाडीचं पहिलं तेल वेळेवर बदलणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नवे दात एकमेकांत बसताना जास्तीत जास्त धातू तेव्हाच सुटतो. भरताना तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेला आलं की थांबायचं. कमी पडलं तर क्राउनने उडवलेलं तेल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर घुसळून फेस होतो आणि तापमान वाढतं. पुस्तकातला किलोमीटरचा आकडा साध्या वापराचा असतो, जड लोड, धूळ, घाट, पाणी यासाठी बहुतेक पुस्तकांत बारीक अक्षरात लवकर बदला असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडचे बहुतेक पिकअप त्या बारीक अक्षरातच बसतात.

काढलेलं तेल ओढ्यात, गटारात किंवा बांधावर ओतू नका, त्यात गंधकाची संयुगं आणि धातूचे कण असतात. केंद्र सरकारच्या 2016 च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. जुन्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि जे गॅरेज ते अधिकृत रिसायकलवाल्याला देतं तिथे नेऊन द्या.