‘ग्रीन टीवाली कांडी आहे का?’ : रेतमात्रा नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे डॉक्टर आणि कांड्या, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या बारीक बंद नळ्या, ठेवायला स्वतःचा द्रव नायट्रोजनचा जार बाळगणारे गोठेवाले, दोघांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर हल्ली दोनच वाक्यं ऐकू येतात. पहिलं, मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवत: “हळदीचा, ग्रीन टीचा, शेवग्याचा अर्क रेतात घातलेली कांडी ठेवता का?” आणि दुसरं, जरा चढ्या आवाजात: “तुमच्या कांडीनं तीन गाया उलटल्या,” म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी हळद-चहाचं. ही नुसती हूल नाही, त्यात तथ्य आहे. शुक्रजंतूचं आवरण ज्या स्निग्ध आम्लांचं बनलेलं असतं, ती हवेतल्या प्राणवायूनं लवकर बिघडतात. जवसाचं तेल उघडं राहिलं की खवट होतं, तसाच प्रकार. शिवाय या पेशीच्या अंगात मालमसाला इतका थोडा की स्वतःला सावरायला तिच्याकडे फारसं काही नसतं. वळूचे शुक्रजंतू स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यानंच गुदमरतात, हे टोसिक आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी १९४६ सालीच दाखवलं होतं. रेत गोठवताना आणि वितळवताना हा मारा आणखी वाढतो. तो सोसावा म्हणून रेत पातळ करायच्या द्रावणात, म्हणजे अंड्याचा बलक, ग्लिसरॉल आणि आम्लता राखणारं ट्रिस यांच्या मिश्रणात, ग्रीन टीतले कॅटेचिन, हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन घालून पाहायचे प्रयोग अनेक देशांत झालेत. काहींत वितळल्यानंतरची हालचाल सुधारली.

पण प्रमाण वाढलं की तेच औषध उलटतं. बीजांडात शिरण्याआधी शुक्रजंतूला जी तयारी करावी लागते, तिच्यासाठी थोडा प्राणवायूचा चटका लागतोच. तोही पुसून टाकला तर जंतू जिवंत असून कामाचा राहत नाही. त्यात कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही. ते ज्या द्रावकात विरघळवायचं, तो जास्त झाला तर शुक्रजंतूला त्याचाच त्रास. हे मोजमाप प्रयोगशाळेत, गोठवण्याच्या आधी करायचं असतं. गोठ्यात, चमच्यानं नव्हे.

“झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?” असं म्हणणाऱ्यांना आम्ही सरकी पेंडीची आठवण करून देतो. सरकीतलं गॉसिपॉल हेही कॅटेचिनसारखं पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक प्रकारचं रसायन. प्रयोगशाळेच्या नळीत तेही प्राणवायूचा मारा अडवतं. वळूच्या पोटात मात्र जास्त गेलं तर शुक्रजंतूचा मधला भाग विद्रूप होतो. चीनमध्ये १९७० च्या दशकात त्याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी झाली होती. गाई-म्हशींचं पोट ते बऱ्यापैकी पचवतं, तेव्हा दुभत्या जनावराची पेंड बंद करू नका. ज्यांच्याकडे पैदाशीचा वळू किंवा बोकड आहे, त्यांनी मात्र त्याच्या दावणीत सरकी हात राखून टाकावी आणि हिरवा चारा भरपूर द्यावा. हिरव्या चाऱ्यातलं ई जीवनसत्त्व या बाबतीत वळूला आधार देतं.

आता तीन गाया का उलटल्या ते.

आमच्याकडची कांडी पाव मिलीलिटरची. ठरलेल्या मानकाप्रमाणे तिच्यात दोन कोटी शुक्रजंतू असावे लागतात आणि वितळवल्यावर निदान निम्मे पुढे सरकणारे हवेत. जारमध्ये उणे १९६ अंशाला ते वर्षानुवर्षं टिकतात. बिघाड होतो तो जारच्या तोंडाशी. चित्र नेहमीचं आहे: डावा हात फोनवर, उजव्या हातानं कॅनिस्टर (जारमधली कांड्या ठेवायची दांडीवाली डबी) थेट काठावर उचललेलं, आणि डोळे कांड्यांवरचे वळू नंबर वाचत बसलेले. तेवढ्यात मालक म्हणतो, “थांबा, त्या दुसऱ्या वळूची बघू.” पुन्हा शोधाशोध. कांडी इतकी बारीक आहे की काही सेकंदांत ती तापते, आत बर्फाचे कण मोठे होतात आणि आवरणं फाडतात. परत नायट्रोजनमध्ये सोडली म्हणून फाटलेलं शिवलं जात नाही. सकाळचं नुकसान दुपारच्यात जमा होत जातं. सगळ्यात वाईट म्हणजे जी कांडी वापरली तिच्यापेक्षा जास्त मार खातात त्या मागे उरलेल्या. आठ दिवसांनी त्यातलीच एक तुमच्या शेजाऱ्याच्या गाईला जाते. ग्रीन टी आत असली काय नि नसली काय, या माराला तिच्याकडे औषध नाही.

कॅनिस्टर जारच्या मानेतच, काठाच्या बरंच खाली ठेवा, चिमट्यानं कांडी उचला. पाच-सात सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर खाली सोडा, थोडं थांबा, मग पुन्हा बघा. कुठल्या वळूच्या कांड्या कुठल्या गॉब्लेटमध्ये (कॅनिस्टरमधल्या छोट्या पेल्यात) ते वहीत लिहून जारलाच बांधा. या वहीनं जितक्या गाया गाभण राहतील तितक्या कुठल्याही अर्कानं राहणार नाहीत.

वितळवायचं पाणी ३७ अंश, वेळ ३० सेकंद, आणि पाण्यात बोट घालून अंदाज नको. मागच्या उन्हाळ्यात एका हौशी तरुणानं थॉइंगच्या, म्हणजे वितळवायच्या, पाण्यातच ग्रीन टीची पुडी सोडली होती. कांडी दोन्ही टोकांना बंद असते, तेव्हा चहा आत गेलाच नाही. चहाची उष्णता तेवढी गेली. कांडी कोरडी पुसून कापा, पाण्याचा थेंबही शुक्रजंतूला मारतो. थंडीत गन, म्हणजे कांडी बसवून रेत सोडायची सळई, हातावर चोळून घ्या. एका वेळी एकच कांडी वितळवा आणि पंधरा मिनिटांच्या आत गाईला भरवा. माज सकाळी तर भरवणं संध्याकाळी, हे तुम्हाला सांगायला नको.

कांड्या बदलून का देत नाही, यावर थोडी कुरबुर असते. आम्ही वळू पाळत नाही. केंद्रीय देखरेख पथकानं श्रेणी दिलेल्या केंद्रांतूनच माल आणतो आणि प्रत्येक बॅचमधल्या दोन कांड्या फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. त्या दोन आमच्या खिशातून जातात. तुमच्या जारमध्ये पंधरा दिवस राहिलेल्या कांडीची हमी आम्ही कुठल्या तोंडानं द्यावी? तपासून मात्र देतो, पण त्यात अर्धा दिवस मोडतो, म्हणून आधी फोन करा.

‘हर्बल’ म्हणून जादा दरानं कांडी कुणी देत असेल तर केंद्राचं नाव, वळू नंबर आणि तारीख कांडीवर छापली आहे का ते बघा. नसेल तर हळद स्वयंपाकघरातच बरी.

नायट्रोजनची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पट्टीनं पातळी मोजून आदल्या संध्याकाळी कळवा. थॉइंगचा डबा थर्मामीटरसकट दुकानात आहे, जुना थर्मामीटर आणलात तर नव्याशी ताडून फुकट बघून देऊ. आणि तक्रार घेऊन याल तेव्हा वापरलेली कांडी फेकू नका, सोबत आणा. तिच्यावरच्या नंबराशिवाय आम्हालाही काही शोधता येत नाही.