कुठले जठर? वनौषधींच्या अर्कांच्या प्रयोगांची पार्श्वभूमी

हळदीने, तुळशीने किंवा कडुनिंबाने उंदरांमध्ये जठराचा कर्करोग रोखला, अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. ती वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या जठराचा? उंदराच्या जठराचे दोन भाग असतात. अन्ननलिकेला लागून असलेला पुढचा भाग म्हणजे अन्न साठवायची पिशवी. तिचे अस्तर कातडीच्या जातीचे. पाचकरस स्रवणाऱ्या ग्रंथी असतात त्या मागच्या भागात. माणसाला ती पुढची पिशवी नसतेच, आणि आपल्याला होणारा जठराचा कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथींच्या अस्तरातून उगवतो. अर्कांचे बरेचसे प्रयोग मात्र त्या पुढच्या पिशवीवर झाले आहेत.

या पिशवीने पूर्वीही फसवले आहे. कोपनहेगनचे योहानेस फिबिगर यांनी १९१३ मध्ये जाहीर केले की झुरळांमार्फत पोटात जाणाऱ्या एका कृमीमुळे उंदरांना जठराचा कर्करोग होतो. त्यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उलगडले ते असे की त्या उंदरांच्या आहारात 'अ' जीवनसत्त्व कमी होते आणि अस्तर नुसतेच जाड झाले होते.

दरम्यान १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला डांबर चोळून खरा कर्करोग घडवून दाखवला. डांबरातले घातक द्रव्य, बेन्झोपायरीन, १९३० च्या दशकात लंडनमध्ये वेगळे झाले. मिनेसोटा विद्यापीठातले ली वॉटनबर्ग यांनी तेच द्रव्य उंदरांच्या पोटात सोडून कशाने गाठी कमी होतात हे पाहायला सुरुवात केली. त्यातून बसलेली पद्धत आजही चालते: शेंगदाणा तेलात मिसळलेले १ मिलिग्रॅम बेन्झोपायरीन, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, अर्क त्याच्या दोनेक आठवडे आधीपासून सुरू, सहा महिन्यांनी जठर उघडून गाठींची मोजणी. स्वस्त, सोपी, हमखास गाठी देणारी पद्धत. भारतीय प्रयोगशाळांनी ती उचलली यात नवल नाही.

परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत एस. व्ही. भिडे यांचा गट तंबाखू आणि सुपारीच्या घातकपणावर काम करत होता. विड्यातले विड्याचे पानच तेवढे निर्दोष आहे का, हा प्रश्न तिथे स्वाभाविकच होता. पानाच्या अर्काने उंदरांच्या पुढच्या जठरातल्या गाठी कमी होतात, हे या गटाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी हळदीची पाळी आली. खाद्यात २ टक्के हळद दिलेल्या उंदरांना गाठी लक्षणीय कमी झाल्या. प्रयोग नेटका होता, त्याबद्दल मला आदर आहे. पण २ टक्के म्हणजे किती? माणसाने दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खाल्ले असे धरले, तर १० ग्रॅम हळद. आमटीतली चिमूट त्याच्या जवळपासही जात नाही. १९९२ मध्येच चेन्नईच्या अड्यारमधून जिरे आणि तुळशीच्या पानांचे निष्कर्ष आले, आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून कडुनिंबाचे, २००४ मध्ये.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वॉटनबर्ग यांनी १९७२ मध्ये बीएचए हे खाद्यतेले टिकवणारे रसायन याच पिशवीतल्या गाठी रोखते असे दाखवले होते. दहाएक वर्षांनी नागोयाच्या नोबुयुकी इतो यांनी तेच रसायन २ टक्के प्रमाणात रॅट जातीच्या उंदरांना दोन वर्षे खाऊ घातले, तर त्याच पिशवीत कर्करोग झाला. एका प्रयोगातला रक्षक दुसऱ्यात मारक ठरला.

माणसाच्या जवळ जाणारे प्रयोग वेगळ्या वाटेने आले. टोकियोत सुगिमुरा आणि फुजिमुरा यांनी १९६७ मध्ये पिण्याच्या पाण्यातून एमएनएनजी हे कर्करोगकारक रसायन देऊन रॅटच्या ग्रंथींच्या जठरात कर्करोग घडवला. तमिळनाडूच्या अण्णामलाई विद्यापीठात याच द्रव्याला मिठाच्या तीव्र द्रावणाची जोड देऊन कडुनिंब आणि लसणाची परीक्षा झाली. मग जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पुढे आला. १९९४ मध्ये तो माणसात कर्करोगकारक म्हणून अधिकृतपणे नोंदला गेला, आणि १९९८ मध्ये मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात केवळ त्याच्या संसर्गाने कर्करोग झालेला दिसला.

लसूण मात्र थेट माणसांपर्यंत पोहोचला. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या लिनचू या परगण्यात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे. तिथे १९९५ मध्ये ३,३६५ लोकांवर चाचणी सुरू झाली: काहींना याच जिवाणूविरुद्धची औषधे दोन आठवडे, काहींना जीवनसत्त्वे, काहींना लसणाचा अर्क आणि तेल सात वर्षांहून अधिक काळ. २००६ च्या अहवालात लसणाने कर्करोगाआधीच्या बिघाडांवर काही परिणाम दाखवला नाही. बावीस वर्षांचा हिशोब २०१९ मध्ये आला. लसूण घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी भरले, पण कर्करोग होण्याच्या प्रमाणातली घट ठामपणे सिद्ध झाली नाही. दोन आठवड्यांच्या औषधांनी मात्र ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले होते.